गॉल्जी संकुल: माल सरकतो की पिशवी?

आधी नावाचा घोळ. गॉल्जी संकुल, गॉल्जी पिंड, गॉल्जी काय ही सगळी एकाच अंगकाची, म्हणजे पेशीत बनलेली प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या पेशीच्या छोट्या भागाची नावं. शालेय पुस्तकांतला ‘गॉल्गी’ हा उच्चार तर शोधकर्त्या गॉल्जीच्या मूळ इटालियन नावाशी जुळतच नाही.

१८९८ मध्ये घुबडाच्या अनुमस्तिष्कातल्या (लहान मेंदूतल्या) चेतापेशींत हे अंगक जाळीच्या रूपात पहिल्यांदा दिसलं. ऊतीचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेट आणि ऑस्मियमच्या द्रावणात काही दिवस मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये घालायचा. सिल्व्हर क्रोमेटचा काळा साका जाळीवर बसतो. मुरवण्याची मुदत चुकली, की जाळी राहायची बाजूला आणि अख्खी पेशीच काळी व्हायची, नाहीतर काहीच उमटायचं नाही. त्यात जिवंत पेशीत ती धड दिसत नसे. त्यामुळे ‘हा रसायनांचाच खेळ’ हा आक्षेप पन्नास वर्षं टिकला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. १९५४ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या दिसल्या, तेव्हा तो वाद मिटला.

खरा तिढा पुढे पडला. १९६७ मध्ये गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना किरणोत्सारी ल्यूसिन (प्रथिनांत गुंफलं जाणारं एक अमिनो आम्ल) फक्त ३ मिनिटं देऊन नंतर साधं ल्यूसिन दिलं. खुणेची प्रथिनं आधी खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे ती जिथे बनतात तिथे, सापडली. पुढे ७ मिनिटांनी ती गॉल्जीच्या कडेच्या पुटिकांत (पडद्याच्या इवल्या फुग्यांत) होती, ३७ मिनिटांनी घट्ट होत जाणाऱ्या पिशव्यांत आणि ११७ मिनिटांनी स्रावकणांत, म्हणजे बाहेर टाकायचा माल साठवणाऱ्या कणांत. वाट कळली. पण प्रथिन एका पिशवीतून पुढच्या पिशवीत जातं कसं?

एक पक्ष म्हणे, पिशव्या जागच्या जागी राहतात, पुटिका प्रथिनांचा माल पुढे वाहतात. १९८० च्या दशकात परीक्षानळीतल्या प्रयोगांनी हाच पक्ष वरचढ ठरवला, आणि पाठ्यपुस्तकांतले बाण तिथेच गोठले. अडचण मापाची होती. या पुटिका साधारण ५० ते १०० नॅनोमीटरच्या, तर प्रोकोलॅजेनची (कोलॅजेन या प्रथिनाच्या आधीच्या रूपाची) कांडी ३०० नॅनोमीटर लांब. ती पुटिकेत मावणार कशी? काही शैवालांचे खवले गॉल्जीतच घडतात आणि तेही पुटिकेपेक्षा मोठे.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं उलटं: माल पिशवीतच राहतो, पिशवीच पुढे सरकत ‘पिकते’, आणि पुटिका विकरांना (मालावर प्रक्रिया करणाऱ्या एन्झाइमांना) मागे आणतात. २००६ मध्ये यीस्टमध्ये याचा थेट पुरावा मिळाला. तिथे पिशव्या थरांत नसून सुट्या विखुरलेल्या असतात, म्हणून एकेक नजरेत धरता येते. सुरुवातीच्या टप्प्याच्या प्रथिनाला हिरवा आणि शेवटच्या टप्प्याच्या प्रथिनाला लाल रंग दिला, तर तीच पिशवी काही मिनिटांत हिरव्याची लाल झाली.

यावर सगळं मिटलं असं मांडणारे जरा घाई करतात. यीस्टचा नियम सस्तन पेशींच्या थरांना लावताना एक गोष्ट आडवी येते. पिशवी पिकत पुढे जात असेल, तर नुकत्याच आलेल्या मालाला रांगेतून पूर्ण वेळ थांबावं लागेल, म्हणजे सुरुवातीला काही मिनिटं बाहेर काहीच पडू नये. २००८ मधल्या मोजणीत मात्र सस्तन पेशींतून माल असा काही न थांबता, पहिल्यापासून बाहेर पडताना दिसला.