तातडीच्या रुग्णाला रात्री सोनोग्राफी का मिळत नाही : पार्श्वभूमी

दुचाकीवरून पडलेला, पोट फुगत चाललेला, वरचा रक्तदाब 80 वर आलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो. पोटात रक्त साचलंय का, एवढंच सर्जनला त्या क्षणी हवं असतं आणि सोनोग्राफीने ते दोन-तीन मिनिटांत कळतं. यंत्र त्याच इमारतीत असतं. पण रेडिऑलॉजीच्या खोलीला कुलूप असतं आणि यंत्र चालवायला ज्यांचं नाव नोंदलेलं आहे ते डॉक्टर घरी असतात. महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णालयांत रात्रीचं चित्र असं का झालं, ते कळायला शस्त्रक्रियेचा आणि कायद्याचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा लागतो.

सोनोग्राफीच्या आधी सर्जन पोटात सुई घालून रक्त येतं का पाहत. सुई कोरडी आली म्हणजे पोट कोरडं, असं मात्र नव्हतं. 1965 साली डेव्हिड रूट आणि सहकाऱ्यांनी पोट धुऊन पाहण्याची पद्धत मांडली. बेंबीखाली छोटा छेद घेऊन कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत सरकवायचं आणि आधी सिरिंजने ओढून पाहायचं. 10 मिली रक्त सरळ आलं, तर पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत). नाही आलं, तर 1 लिटर कोमट सलाईन पोटात सोडायचं, मग बाटली जमिनीवर ठेवून तेच परत घ्यायचं आणि लाल पेशी मोजायच्या. घन मिलिमीटरला 1 लाखाच्या वर भरल्या तर पोट उघडायचं. ही पद्धत फार हळवी होती. यकृतावरच्या, आपोआप थांबलेल्या ओरखड्यासाठीही पोट उघडलं जायचं.

जर्मनीत सोनोग्राफी सर्जनच्या प्रशिक्षणातच आली, म्हणून 1980 च्या दशकात तिथे प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, सर्जनच्याच हातात होता. अमेरिकेत 1990 च्या दशकात ग्रेस रोझिकी आणि इतर ट्रॉमा सर्जननी तीच वाट धरली. पुढे अपघातातल्या पेशंटची ही झटपट तपासणी ‘फास्ट’ या नावाने जगभर पोहोचली.

फास्टमध्ये चारच जागा पाहायच्या असतात. 2 ते 5 मेगाहर्ट्झचा गोलसर प्रोब घ्यायचा. उजव्या बरगड्यांखाली यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, ओटीपोटात मूत्राशयामागे आणि छातीच्या हाडाच्या टोकाखालून हृदयाभोवती. ताजं रक्त काळ्या पट्टीसारखं दिसतं, गोठलेलं करडं दिसतं आणि नवशिक्याला फसवतं. पेशंट सपाट झोपलेला असताना उजवीकडच्या फटीत पट्टी दिसायला काहीशे मिली रक्त साचलेलं असावं लागतं. म्हणून पहिली तपासणी कोरडी आली तरी अर्ध्या तासाने पुन्हा प्रोब ठेवायचा. डोक्याची बाजू थोडी खाली केली तर रक्त वरच्या फटींकडे येतं. नेहमी होणारी चूक म्हणजे आधी लघवीची नळी घालून मूत्राशय रिकामं करणं. भरलेलं मूत्राशय हीच ओटीपोटात डोकावायची खिडकी असते. नळी घातलीच असेल, तर तिच्यातूनच 200 ते 300 मिली सलाईन सोडून चिमटा लावायचा. आतडं फुटलेलं किंवा पोटामागच्या पोकळीतला रक्तस्राव फास्टमध्ये बहुधा नजरेतून सुटतो. स्थिर पेशंटला त्यासाठी सीटी लागतं.

जगातले सर्जन प्रोब हातात घेत होते, नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे प्रोबवर पहारा बसवावा लागला, आणि तो का लागला हे विसरून चालणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला, पण सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी कागदावरच राहिली. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात 1991 मध्ये 946 होती, 2001 मध्ये ती 913 झाली. सेहत आणि मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, 2001 मध्ये अंमलबजावणीचे कडक आदेश निघाले आणि 2003 मध्ये कायदा सुधारून पीसीपीएनडीटी (गर्भधारणापूर्व आणि प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा) झाला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्याचा आकडा 894 वर आणि बीड जिल्ह्याचा 807 वर आला. त्यानंतर राज्यात तपासणीच्या मोहिमा झाल्या, यंत्रं सील झाली. कोल्हापुरात तर प्रत्येक यंत्राला त्यावरच्या प्रतिमा साठवणारं उपकरण जोडायचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो कायम ठेवला. एवढी कडक पावलं उचलावी लागली, कारण मुली खरोखरच जन्माला येऊ दिल्या जात नव्हत्या.

पण कायद्याने यंत्र, जागा आणि माणूस एकमेकांना बांधले आणि त्याचा ताण कॅज्युअल्टीवर आला. यंत्र नोंदणी प्रमाणपत्रात असावंच लागतं. नवं घ्यायचं किंवा जागा बदलायची, तर 2012 च्या दुरुस्तीनुसार किमान 30 दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवून प्रमाणपत्र पुन्हा घ्यावं लागतं. हलवता येणारं यंत्र नोंदणीकृत आवारात वापरता येतं, पण नियमातला शब्द ‘आंतररुग्ण’ असा आहे. कॅज्युअल्टीतल्या ट्रॉलीवरच्या पेशंटचा इनडोअर पेपर, म्हणजे भरतीचा कागद, अजून निघालेला नसतो, म्हणून रुग्णालय कचरतं. यावर उपाय सोपा आहे. पेपर आधी काढावा, नंबर पडला की प्रोब ठेवावा. यंत्र कायम कॅज्युअल्टीत ठेवायचं असेल, तर अर्जातच ती खोली लिहावी.

माणसाची अडचण यापेक्षा मोठी आहे. सोनोग्राफी करणाऱ्याकडे त्या विषयातली पदव्युत्तर पात्रता किंवा सहा महिन्यांचं मान्य प्रशिक्षण लागतं. 2014 च्या नियमांनी हे प्रशिक्षण 300 तासांचं ठरवलं आणि त्यावर परीक्षा ठेवली. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशिक्षणाची अट रद्द केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. चार जागा पाहायला शिकलेला शल्यविभागाचा निवासी डॉक्टर त्यामुळे आपोआप पात्र ठरत नाही. शिवाय 2012 च्या नियमाने एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर नाव नोंदवायची मर्यादा घातली आणि कामाच्या वेळाही स्पष्ट लिहायला लावल्या. तालुक्याच्या गावी रेडिऑलॉजिस्ट एकच असेल आणि त्याची वेळ सकाळी दहा ते दोन अशी लिहिलेली असेल, तर मध्यरात्री त्याला बोलावतानाही व्यवस्थापन दहा वेळा विचार करतं. ‘तातडीच्या रुग्णांसाठी 24 तास’ असं वेळेच्या रकान्यात लिहून प्राधिकाऱ्याची मंजुरी घेणं हे दिवसाउजेडी करायचं काम आहे.

कागदांबद्दलचा गैरसमज तर सर्रास आढळतो. या कायद्याखाली सोनोग्राफीची नोंद करायचा एफ फॉर्म फक्त गरोदर स्त्रीसाठी असतो. अपघातातल्या पुरुषासाठी तो कुणी मागत असेल, तर नियम वाचलेला नाही. पण गर्भ नळीत राहून नळी फुटलेली बाई आली, तर फॉर्म लागतोच. तपासणीच्या कारणांच्या यादीत पहिलंच कारण गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर हे पाहणं असं आहे. पेशंटला सही जमत नसेल तर अंगठा चालतो. अंगठा तिचाच असल्याचं सांगणाऱ्याचं नाव, वय, नातं आणि पत्ता खाली भरायचा. हा रकाना रिकामा सोडू नये. नोंदीतली उणीव हाच कायद्याचा भंग मानला जातो आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. कोरे फॉर्म, पेन आणि स्टँप पॅड यंत्राच्या ट्रॉलीवरच असले, की दहा मिनिटं वाचतात.

हे सगळं करूनही ज्या रात्री सोनोग्राफी मिळणार नाही, त्या रात्री तिची वाट पाहायची नसते. गरोदरपणाची लघवी चाचणी पॉझिटिव्ह, पोट ताठ आणि बाई शॉकमध्ये असेल, तर थेट ओटी. वृषणाला पीळ बसल्याची दाट शंका असेल, तर डॉपलरसाठी (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी) थांबू नये, कारण पहिल्या सहा तासांतच वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. आणि फुगत चाललेल्या पोटासाठी बेंबीखालचा छेद, कॅथेटर आणि 1 लिटर कोमट सलाईन अजून आहेच. कॅज्युअल्टीच्या कपाटात तो सेट निर्जंतुक करून, तारीख घालून ठेवलेला असावा.