युद्धपटातील शत्रुपक्ष

कथा ज्या सैन्याच्या बाजूने सांगितली जाते, त्याच्या समोर उभ्या असलेल्या सैन्याला युद्धपटातील शत्रुपक्ष म्हणतात. बहुतेक युद्धपटांत या सैन्याला चेहरा नसतो. धुरापलीकडून गोळ्या येतात, माणसे कोसळतात, पण त्यांचे गाव, घर, मागे राहिलेली माणसे यांविषयी प्रेक्षकाला काहीच कळत नाही.

शत्रुपक्ष ठरवणे किती अवघड असते, हे नागपूरकरांना सीताबर्डीच्या टेकड्यांवरून सहज समजावे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात लढाई झाली. भोसल्यांकडून सर्वांत निकराने लढले ते अरब शिपाई, आणि कंपनीच्या बाजूने टेकडी राखणाऱ्यांत मोठा भरणा मद्रासच्या देशी पलटणींचा होता. दोन्हीकडची ही माणसे दूरच्या मुलुखांतून आलेली होती. इतिहासात मात्र नावे उरली ती राजाची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची.

शत्रूला चेहरा आणि आवाज देणारा, तरीही विस्मरणात गेलेला एक चित्रपट म्हणजे ‘नन बट द ब्रेव्ह’ (१९६५). गायक-अभिनेते फ्रँक सिनात्रा यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट अमेरिका व जपान यांची सहनिर्मिती आहे. गायक म्हणून सिनात्रा यांची कीर्ती एवढी मोठी की दिग्दर्शक म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही, आणि हे त्या चित्रपटावर अन्याय करणारे आहे.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील एका बेटावर, आपल्या सैन्यापासून तुटलेली जपानी तुकडी अडकून पडली आहे. तेथेच अमेरिकी सैनिकांना नेणारे विमान कोसळते. कथा सांगतो तो जपानी लेफ्टनंट कुरोकी (अभिनेते तात्सुया मिहाशी), आपल्या रोजनिशीतून. त्यामुळे अमेरिकी प्रेक्षकाला स्वतःचेच सैनिक समोरच्या गोटातून पाहावे लागतात. चित्रपटाचे मर्म एका जखमी जपानी सैनिकाच्या प्रसंगात आहे. त्याचा पाय कापल्याशिवाय तो वाचणार नाही, आणि बेटावर डॉक्टर कोणीच नाही. आहे तो फक्त अमेरिकी तुकडीतला वैद्यकीय मदतनीस, आणि ती भूमिका स्वतः सिनात्रा यांनी केली आहे. शत्रूच्या तळावर, शत्रूच्या नजरेसमोर तो हे काम करतो, आणि दोन्ही तुकड्यांत शस्त्रसंधी होते. पुढे अमेरिकी जहाज येते तेव्हा ही संधी संपते, आणि कालपर्यंत शेजाऱ्यांसारखी राहिलेली माणसे एकमेकांवर बंदुका रोखतात. त्या चकमकीतून एकही जपानी सैनिक वाचत नाही.

चित्रपटात उणिवा आहेत. काही अमेरिकी पात्रे साचेबंद आहेत, आणि कुरोकीपुढे ती फिकी पडतात. तरीही तो पुन्हा पाहावा असा आहे, कारण रोजनिशी लिहिणारा शेवटी जिवंत राहत नाही हे दुसऱ्या वेळी ठाऊक असते, आणि पहिल्याच वाक्यापासून त्याचा आवाज निराळा ऐकू येतो.