दुसरा खंड की दुसरं पुस्तक?

‘पहिला भाग झकास, दुसऱ्यात मात्र गाडी रखडली.’ लांबलचक फँटसी वाचणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी कितीदा ऐकलंय, आणि स्वतःही म्हटलंय. घोटाळा त्या ‘भाग’ शब्दात आहे. एकाच कादंबरीचा मधला खंड हाही आपल्याला दुसरा भाग, आणि मालिकेतलं स्वतःच्या पायावर उभं असलेलं दुसरं पुस्तक हाही दुसरा भागच. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की रसभंग ठरलेला. (पुढे थोडं कथानक फुटणार आहे, आधीच सांगून ठेवतो.)

टोल्किनचं ‘द टू टॉवर्स’ हा पहिल्या प्रकारचा नमुना. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मुळात एकच कादंबरी, आतून सहा ‘बुकां’त विभागलेली. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कागद महाग होता, त्यामुळे प्रकाशकांनी तिचे तीन खंड केले. पहिला २९ जुलै १९५४ ला आला, दुसरा ११ नोव्हेंबरला. खंड असे पाडलेले असल्यामुळे मधल्या तुकड्याला नाव शोधावं लागलं, आणि नावातले ते दोन मनोरे नेमके कोणते यावर खुद्द टोल्किनचंही बराच काळ ठरत नव्हतं. पहिल्या खंडाच्या शेवटच्या टिपेत ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल आहेत. २००२ च्या सिनेमाने त्यातला एक बदलून बराद-दूर घेतला.

अशा खंडाला स्वतःची सुरुवात नसते. कथा उघडते तेव्हा अ‍ॅरागॉर्न कथानायक फ्रोडोच्या पाऊलखुणा शोधत टेकडी चढतोय. कोण अ‍ॅरागॉर्न, कुठली टेकडी, हे सांगायला कोणी थांबत नाही. मग अकरा प्रकरणं फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम दिसतच नाहीत, आणि ते आले की पुढची दहा प्रकरणं बाकी सगळे गायब! पुष्कळ वाचक नेमके इथे पुस्तक खाली ठेवतात. लढाई, चालते-बोलते वृक्ष, पडलेला जादूगार, एवढा जल्लोष झाल्यावर अचानक फ्रोडो, सॅम आणि अंगठीच्या लोभाने बिघडलेला त्यांचा वाटाड्या गॉलम या तिघांची दलदलीतली पायपीट. मला विचाराल तर सगळ्या कादंबरीचं काळीज याच पायपिटीत आहे. गॉलम माणसात येतो की काय असं वाटायला लागतं ते इथेच. फक्त त्या सांध्यावर दोन दिवस थांबावं, आधीच्या धावपळीचा दम उतरू द्यावा. आणि पहिला खंड वाचून वर्ष झालं असेल तर दुसरा उघडूच नये. निदान पहिल्याची शेवटची दोन प्रकरणं तरी पुन्हा वाचावीत.

अर्सुला ले ग्विनचं ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ (१९७१) अगदी उलट. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये गेड या तरुण जादूगाराबरोबर आपण बेटाबेटांवरून होडी हाकलेली असते. दुसरं पुस्तक उघडावं तर समुद्र नाही, गेडही नाही. आहे ती टेनार नावाची मुलगी, लहानपणीच आईबापांपासून तोडून थडग्यांची पुजारीण केलेली. तिच्या जगात उजेड न्यायला मनाई असलेलं भुयार आहे, आणि जादूगार म्हणजे पापी लोक. गेड येतो तो पुस्तक बरंच पुढे सरकल्यावर, आणि तोही चोर म्हणून. ज्याला आपण नायक मानत आलो त्याला अशा मुलीच्या डोळ्यांनी बघावं लागतं, जी त्याला अंधारात तहानेने मरू द्यायचा विचार करतेय. या पुस्तकाची मजा ती हीच. पहिल्या पुस्तकातला एक धागा, हातात घालायच्या मोडलेल्या कड्याच्या अर्ध्या तुकड्याचा, इथे कामी येतो. पण तो आठवत नसला तरी काही अडत नाही. ‘गेड कुठाय?’ म्हणत पानं उलटणाऱ्यांनी मात्र अर्धं पुस्तक वाया घालवलं म्हणायचं.

ओळखायचं कसं? प्रकाशनाच्या तारखा पाहाव्यात असं मी पूर्वी सांगायचो: थोडं अंतर म्हणजे खंड, वर्षं गेली तर पुस्तक. पण रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या फँटसी मालिकेची पहिली दोन्ही पुस्तकं १९९० मध्येच आली, आणि दुसरं वाचलंत तर त्याला स्वतःचा दणदणीत शेवट आहे, तरी मूळ गोष्ट पुढे चौदाव्या पुस्तकापर्यंत, २०१३ पर्यंत चालली. म्हणजे मधलीही एक जात आहे. शेवटचं प्रकरण काय मिटवतं आणि काय उघडं ठेवतं, तेच पाहिलेलं बरं.

‘द टू टॉवर्स’ संपतं तेव्हा फ्रोडो जिवंत आहे आणि शत्रूच्या हातात आहे. तिसरा खंड २० ऑक्टोबर १९५५ ला आला. तेव्हाच्या वाचकांनी ते अकरा महिने कसे काढले असतील देव जाणे. ‘अटुआन’च्या अखेरीस टेनार हॅवनॉर बंदरात उतरते, कडं अखंड झालेलं असतं. तिची स्वतःची गोष्ट पुढे आली थेट १९९० मध्ये, आणि मधल्या वर्षांत ते पुस्तक कुणाला अर्धवट वाटलं नाही.