भूक लागलेली नाही, की खाणं ओळखू येत नाही?

सापाचं नवजात पिल्लू खात नाही, या एका तक्रारीमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक पिल्लू खायला अजून तयार नसतं. दुसरं भुकेलेलं असतं, पण समोर ठेवलेली वस्तू खायची आहे हे त्याला कळत नाही. पेटीच्या काचेतून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. उपाय मात्र उलटे आहेत, म्हणून आधी फरक ओळखायला हवा.

मी इथे कॉर्न स्नेकबद्दल लिहितोय. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप जगभर पाळला जातो आणि आमच्याकडेही मिशिगनमध्ये आहे. मित्राकडच्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू मुलीने हौसेने घरी आणलं, तेव्हा ते चार दिवसांचं होतं. मी रोज रात्री पिंकी, म्हणजे अंगावर केसही न आलेलं उंदराचं पिल्लू, गरम पाण्याच्या वाफेवर कोमट करून त्याच्या तोंडाशी धरत होतो. ते दर वेळी मागे सरून डोकं उचलायचं आणि चिमट्यावर झडप घालायचं. ही झडप भुकेची असावी असं मला वाटलं, पण ती भीतीची होती. भुकेचा साप धरतो आणि वेटोळं घालतो. घाबरलेला साप टोचा मारून सोडून देतो.

अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो. त्यावर ते पहिली कात टाकेपर्यंत आरामात राहतं, आणि ती कात साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते. कातीआधी डोळे दुधाळ होतात, धड दिसत नाही, आणि पिल्लू दडून बसतं. या काळात त्याला लागतं ते शिरायला अंधारं बीळ, स्वच्छ पाणी, २८ ते ३० अंश सेल्सियसची एक उबदार बाजू आणि एक थंड बाजू. ऊब नसेल तर खाल्लेलं पचतही नाही. बाकी फक्त वाट पाहायची. नागपंचमीच्या आठवणीने कुणी दूध पाजायला सुचवलं, तर ते ऐकू नये. दूध हे सापाचं अन्न नाही.

आता दुसरं पिल्लू. कात टाकून झाली आहे, डोळे स्वच्छ आहेत. अंधार पडला की पेटीच्या कडेकडेने फिरतं, जीभ सारखी आत-बाहेर करतं, पिंकीपाशी येतं, तिच्यावरून जीभ फिरवतं आणि पुढे निघून जातं. ते भुकेलं आहे. रानातली कॉर्न स्नेकची पिल्लं बऱ्याचदा लहान सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात; उंदरावर ती वाढल्यावर येतात. सापाची जीभ वासाचे कण टाळूतल्या जेकबसनच्या अवयवापर्यंत नेते, आणि तिथे ‘हे खाद्य’ असा निरोप मिळाला नाही तर पिंकी ही त्याच्या लेखी वाटेतली एखादी वस्तूच.

हे ओळखणं जन्मजात किती असतं, हे प्राणिवर्तनाचे अमेरिकी अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. गार्टर साप या उत्तर अमेरिकेतल्या सापाच्या, एकदाही काही न खाल्लेल्या पिल्लांपुढे त्यांनी भक्ष्याचा अर्क लावलेला कापसाचा बोळा धरला. जातीच्या आवडीचा वास असेल तर पिल्लं नुसत्या कापसावर तुटून पडली. पुढे स्टीव्हन अर्नोल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या एकाच जातीच्या गार्टर सापांत पाहिलं, की किनाऱ्यावरच्या सापांची पिल्लं गोगलगाय कुळातले स्लग खातात, तर आतल्या भागातली बहुतेक पिल्लं त्यांना तोंड लावत नाहीत. मला हे वाचल्यापासून ‘हट्टी पिल्लू’ हा शब्दच चुकीचा वाटतो.

म्हणून इथे वाट पाहून भागत नाही, वास बदलावा लागतो. पहिली पायरी साधी: पिंकी कोमट पाण्याने धुऊन तिचा उंदराचा वास कमी करायचा. मग तिच्यावर सरड्याचा वास घासायचा; अमेरिकेत त्यासाठी हिरव्या अनोल सरड्याची टाकलेली कात वापरतात. ते जमलं नाही तर मेलेल्या पिंकीच्या डोक्याला सुईने टोचून आतला द्रव बाहेर येऊ देतात. ऐकायला किळसवाणं आहे, पण पुष्कळ अडलेली पिल्लं यानेच सुटतात. पिल्लू आणि पिंकी हवेची भोकं पाडलेल्या लहान डब्यात रात्रभर एकत्र ठेवायची आणि डब्याकडे डोकावायचं नाही. प्रयत्न पाच-सहा दिवसांच्या अंतराने करायचे. रोज केले तर भुकेलं पिल्लूही घाबरलेल्या पिल्लासारखं वागू लागतं, आणि मग फरक ओळखायची सोय राहत नाही.

खात्री होत नसेल तर ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यावा. वजन टिकून असेल तर घाई नाही. ते सलग घटत असेल, पाठीचा कणा धारेसारखा वर आला असेल किंवा कातडीला चुण्या पडत असतील, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडेच जायचं. जबरदस्तीने घशात भरवणं हे त्यांच्या हातचं काम. घरी केल्यास नाजूक जबडा आणि अन्ननलिका दुखावते.

बॉल पायथनला, म्हणजे पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकी अजगराला, हे सगळं जसंच्या तसं लागू करू नये. त्यातले मोठे साप तब्येत चांगली असूनही महिनोन् महिने उपाशी राहतात.

आणि महाराष्ट्रात पावसाळ्यात दारात धामणीचं किंवा तस्कराचं पिल्लू सापडलं, तर यातलं काहीच करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे रानातले साप घरी ठेवता येत नाहीत. सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावं.

आमच्या पिल्लाने कात टाकल्यावर तिसऱ्या प्रयत्नात, सरड्याच्या वासाची पिंकी घेतली. दोन दिवस आम्ही त्याला हात लावला नाही. पुढच्या वेळी वास निम्मा केला, त्याच्या पुढच्या वेळी नुसत्या नाकापुरता, आणि चौथी पिंकी त्याने काहीही न लावता गिळली.