इन द स्टिल ऑफ द नाइट

अमेरिकेतील डू-वॉप गायनप्रकारातले बहुधा सर्वांत परिचित गीत. फ्रेड पॅरिस (1936–2022) याने ते लिहिले आणि ‘द फाइव्ह सॅटिन्स’ या त्याच्या गटाने 1956 मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे ध्वनिमुद्रित केले. कोल पोर्टर याचे याच नावाचे एक गीत 1937 पासून लोकांच्या तोंडी होते. गल्लत होऊ नये म्हणून तबकडीवर ‘नाइट’ या शब्दाचे स्पेलिंग आखूड करून (Night ऐवजी Nite) छापले. देवनागरीत अर्थातच हा फरक नाहीसा होतो.

डू-वॉप ही मुळात वाद्ये विकत घेणे न परवडणाऱ्या पोरांची गायकी. 1950 च्या दशकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतील कृष्णवर्णीय तरुण रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, जिथे आवाज घुमेल तिथे जमून गात. एकाने मुख्य चाल धरायची, खर्जातल्याने बास या वाद्याची जागा भरून काढायची आणि उरलेल्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचा भरणा करायचा. आपल्याकडे तराणा ऐकणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. इथे मागचे गायक ‘शू-डू, शूबी-डू’ म्हणतात, आणि पुष्कळांना गाण्याच्या शब्दांआधी तेच आठवते.

पॅरिस त्या वेळी सैन्यात होता आणि त्याची नेमणूक फिलाडेल्फियाला होती. न्यू हेवनला प्रेयसीला भेटून तो आगगाडीने परतला, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याला हे गीत सुचले, असे तो सांगत असे. गाण्यात मे महिन्यातली एक रात्र आठवली आहे. ध्वनिमुद्रण मात्र ऐन फेब्रुवारीत झाले, तेही स्टुडिओत नव्हे, तर सेंट बर्नाडेट या कॅथलिक चर्चच्या तळघरात. सॅक्सोफोन वाजवणारा व्हिनी माझेट्टा हा त्याच चर्चचा. त्याने जागा मिळवून दिली. मधला सॅक्सोफोनचा तुकडाही त्याचाच. तळघराच्या भिंतींनी आवाजाला जो घुमारा दिला, तो आज या गाण्यातून वेगळा काढताच येत नाही. नंतरच्या कितीतरी आवृत्त्या याहून स्वच्छ आहेत, पण त्यांत ती रात्र नाही.

रचना अगदी साधी आहे. सा, ध, म, प या चार स्वरांवर उभे राहणारे चार स्वरमेळ गीतभर फिरत राहतात. त्यांतला धैवतावरचा तेवढा उदास. त्या काळच्या शेकडो गाण्यांत हाच क्रम सापडतो. लय संथ, चार मात्रांची, आणि प्रत्येक मात्रेत पियानोचे तीन ठोके. म्हणजे आपल्या भाषेत तिस्र जाती.

तबकडी प्रथम ‘स्टँडर्ड’ या छोट्या स्थानिक कंपनीने काढली. हे गीत मागच्या बाजूला होते. पुढच्या बाजूला ‘द जोन्स गर्ल’. न्यूयॉर्कच्या ‘एम्बर’ कंपनीने ती हाती घेतल्यावर रेडिओवरच्या निवेदकांनी तबकडी उलटी करून वाजवायला सुरुवात केली. ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक अमेरिकी नियतकालिकाच्या रिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत) यादीत गीत तिसऱ्या, तर सर्वसाधारण यादीत 24 व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. एवढे होईतो पॅरिस सैन्याबरोबर जपानला गेलेला. गटाने बिल बेकर याला पुढे करून 1957 मध्ये ‘टू दि आइल’ हे आणखी एक यशस्वी गीत दिले.

खरी कीर्ती नंतरची आहे. 1959 मध्ये लॉस एंजेलिसचा निवेदक आर्ट लेबो याने जुन्या गाण्यांचा ‘ओल्डीज बट गुडीज’ हा संग्रह काढला, त्यात हे गीत होते. अवघ्या तीन वर्षांपूर्वीचे गाणे ‘जुने’ म्हणून विकले गेले, आणि नव्याने खपलेही! 1960 आणि 1961 मध्ये ते पुन्हा यादीच्या तळाशी दिसू लागले. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राच्या श्रोत्यांनी पुढे वर्षानुवर्षे त्याला पहिला क्रमांक दिला.

‘डू-वॉप’ हे नावच या गाण्यातून आले, असा दावा केला जातो; सॅक्सोफोनच्या तुकड्यामागे गायक ती अक्षरे म्हणतातही. पण ‘द टर्बन्स’ या गटाच्या 1955 च्या ‘व्हेन यू डान्स’मध्ये ती आधीच आहेत, तेव्हा दावा टिकत नाही.

सोल या कृष्णवर्णीयांच्या पुढच्या संगीतप्रकारातील गटगायनाने डू-वॉपकडून बरेच घेतले. ‘बॉइझ टू मेन’ या फिलाडेल्फियाच्याच गटाने 1992 मध्ये हे गीत वाद्यांशिवाय, केवळ गळ्यावर गायले आणि ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. मूळ ध्वनिमुद्रण 1987 च्या ‘डर्टी डान्सिंग’ या चित्रपटात आहे. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘दि आयरिशमन’ (2019) चित्रपटाच्या सुरुवातीला कॅमेरा एका वृद्धाश्रमाच्या बोळातून सावकाश पुढे सरकतो, तेव्हा मागे हेच गीत वाजत असते.