'रॉकी बॅल्बोआ': अखेरच्या लढतीमागची तीस वर्षे

अभिनेता सिल्व्हेस्टर स्टॅलोन फिलाडेल्फियाचा काल्पनिक मुष्टियोद्धा रॉकी याच्यावर सहावा चित्रपट काढतो आहे, ही बातमी आली तेव्हा अमेरिकेत तिची थट्टाच अधिक झाली. स्टॅलोन साठीला टेकला होता, त्याचे अलीकडचे चित्रपट लागोपाठ पडले होते आणि या मालिकेचा पाचवा भाग सोळा वर्षांपूर्वी प्रेक्षकांची पुरती निराशा करून गेला होता. साठीतला माणूस पुन्हा रिंगमध्ये उतरणार, या कल्पनेतच अनेकांना केविलवाणेपणा दिसत होता. मात्र 20 डिसेंबर 2006 रोजी 'रॉकी बॅल्बोआ' अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत सूर पालटला. समीक्षकांपैकी बहुतेकांनी त्याला अनुकूल कौल दिला आणि जुन्या चाहत्यांनी तर सुटकेचा निःश्वास टाकला. चित्रपट चांगला उतरला, एवढ्यावरून या प्रतिसादाचा उलगडा होत नाही. चाहत्यांच्या मनात 1990 पासून एक सल होता आणि त्याचे मूळ 1976 साली आलेल्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटात होते.

त्या चित्रपटाचे बीज एका खऱ्या लढतीत आहे. 24 मार्च 1975 रोजी ओहायो राज्यातील रिचफिल्ड येथे जगज्जेता मुहम्मद अली आणि न्यू जर्सीचा चक वेपनर समोरासमोर आले. वेपनर जिंकणार नाही, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. पण हा धिप्पाड, मार खाण्यात पटाईत गडी फेरीमागून फेरी उभा राहिला, नवव्या फेरीत अलीला त्याने खालीही पाडले, आणि पंधराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली तेव्हा ती संपायला अवघे 19 सेकंद उरले होते. ही लढत पाहून भारावलेल्या स्टॅलोनने साडेतीन दिवसांत पटकथेचा पहिला खर्डा लिहून काढला. निर्माते अर्विन विंकलर आणि रॉबर्ट चार्टॉफ यांना ती आवडली, परंतु स्टुडिओला नायकाच्या भूमिकेत नावाजलेला नट हवा होता. पैशांची चणचण असतानाही स्टॅलोन 'मीच रॉकी होणार' या अटीवर अडून बसला. अखेर स्टुडिओ राजी झाला, पण खर्चाची मर्यादा सुमारे दहा लाख डॉलरवर आणून आणि चित्रीकरण अवघ्या चार आठवड्यांत उरकण्याच्या बोलीवर.

या तुटपुंज्या खर्चाचे ठसे चित्रपटात जागोजाग दिसतात आणि चाहत्यांचा जीव जडला तो नेमका अशाच जागांवर. रॉकी आणि त्याची प्रेयसी एड्रियन पहिल्यांदा एकत्र बाहेर पडतात, तो बर्फाच्या मैदानावरचा प्रसंग मुळात शेकडो माणसांच्या गर्दीत घडायचा होता. तेवढ्या माणसांचे पैसे देणे परवडेना, म्हणून ते मैदान रात्री बंद झाल्यावरचे, रिकामे दाखवण्यात आले. लढतीच्या आदल्या रात्री रॉकी एकटाच सभागृहात जातो, तेव्हा त्याच्या भल्यामोठ्या चित्रफलकावर चड्डीचा रंग चुकलेला असतो: पांढऱ्यावर लाल पट्टी हवी, तिथे लालवर पांढरी रंगवलेली असते. ही फलक रंगवणाऱ्यांची खरीखुरी चूक होती. नवा फलक करून घ्यायला सवड आणि पैसा नव्हता, म्हणून तीच चूक संवादात घेतली गेली. रॉकी ती दाखवून देतो आणि लढतीचा आयोजक त्याला 'त्याने काय फरक पडतो' असे ऐकवतो. स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीही हा माणूस इतरांच्या लेखी किती बिनमहत्त्वाचा आहे, हे त्या एका वाक्यात येते.

त्याच रात्री घरी परतल्यावर तो एड्रियनला सांगतो की, जगज्जेत्या अपोलो क्रीडला आपण हरवू शकणार नाही. फक्त पंधरा फेऱ्या संपल्याची घंटा वाजेल तेव्हा आपण पायांवर उभे असलो पाहिजे, म्हणजे आपण गल्लीतले आणखी एक कुचकामी पोर नव्हतो हे आपले आपल्याला कळेल. त्याचे उद्दिष्ट एवढेच आहे. म्हणूनच शेवटी पंचांचा निकाल त्याच्या विरुद्ध जातो तेव्हा तो त्याला धड ऐकूही येत नाही. त्या गोंगाटात तो एड्रियनला हाका मारत असतो. नायक हरतो आणि प्रेक्षक तृप्त होऊन उठतो, अशी ही विलक्षण मांडणी होती. 'रॉकी'ने अमेरिकेत 11 कोटी डॉलरपेक्षा अधिक गल्ला जमवला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व संकलन अशी तीन ऑस्कर पारितोषिके पटकावली. पुढच्या प्रत्येक भागाला चाहत्यांनी जो निकष लावला, तो या शेवटाने घालून दिलेला आहे.

पुढचे तीन भाग त्या निकषापासून दूर सरकत गेले, तरी गर्दी वाढतच राहिली. 1979च्या दुसऱ्या भागात रॉकी जिंकला आणि जगज्जेता झाला. 1982च्या तिसऱ्या भागात मिस्टर टी या नटाने रंगवलेला नवा प्रतिस्पर्धी क्लबर लँग आला, गुरू मिकी मरण पावला आणि कालचा वैरी अपोलो मित्र झाला. 1985च्या चौथ्या भागात शीतयुद्ध थेट रिंगमध्ये आणले गेले. डॉल्फ लुंडग्रेनने साकारलेल्या इव्हान ड्रॅगोच्या ठोशांनी अपोलोचा बळी गेला आणि रॉकीने मॉस्कोत त्याचा बदला घेतला. जगभरात सुमारे 30 कोटी डॉलर मिळवणारा हा चौथा भाग आजही अनेकांचा लाडका आहे, आणि तो पाहताना रक्त सळसळते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फलकावरच्या चुकीच्या रंगाकडे संकोचून बोट दाखवणारा रॉकी त्यात सापडत नाही.

याच काळात हे पात्र पडद्याबाहेरही वावरू लागले. तिसऱ्या भागासाठी शिल्पकार ए. थॉमस शॉमबर्ग यांनी घडवलेला रॉकीचा ब्राँझचा पुतळा फिलाडेल्फिया कला संग्रहालयाच्या, पहिल्या चित्रपटात रॉकी धावत चढतो त्या 72 पायऱ्यांच्या माथ्यावर ठेवला होता. तो तिथेच राहावा की नाही, यावरून शहरात मोठा वाद झाला. ही कलाकृती नसून चित्रपटातले सामान आहे, असे कलाक्षेत्रातल्या मंडळींचे म्हणणे होते. पुतळा शहराच्या दक्षिण भागातील क्रीडागृहापाशी हलवण्यात आला आणि पायऱ्यांच्या पायथ्याशी परतला तो सप्टेंबर 2006 मध्ये, सहावा चित्रपट येण्याच्या काही महिने आधी. या वादाची एक बाजू मला आजही टोचते. ज्याने खऱ्याखुऱ्या रिंगमध्ये अलीला हरवले, तो जो फ्रेझिअर याच शहरात राहत होता. रॉकी पडद्यावर करतो तो खाटिकखान्यातल्या मांसावर ठोसे मारण्याचा सराव ही मूळची त्याचीच गोष्ट. त्याचा पुतळा मात्र फिलाडेल्फियात उभा राहिला तो 2015 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

आता त्या सलाकडे यायला हवे. 1990 चा पाचवा भाग हाच मालिकेचा शेवट म्हणून आखलेला होता. पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन परत आले होते, कथा पुन्हा फिलाडेल्फियाच्या जुन्या वस्तीत आली होती, आणि रॉकीच्या मुलाच्या भूमिकेत स्टॅलोनचा खरा मुलगा सेज होता. ड्रॅगोशी झालेल्या लढतीत मेंदूला कायमची इजा झाल्याने रॉकीला निवृत्ती पत्करावी लागते, हिशेबनिसाच्या लबाडीने सारी संपत्ती जाते, आणि टॉमी गन हा त्याने हाताशी धरून घडवलेला तरुण त्याच्यावरच उलटतो. मूळ पटकथेत शेवटच्या हाणामारीनंतर रॉकीचा मृत्यू होणार होता. तो बेत चित्रीकरणाच्या काळात बदलला आणि उरली ती रस्त्यावरची एक मारामारी. ती रॉकी जिंकतो. पण तिथे ना फेऱ्या आहेत, ना घंटा, ना पंच. ज्या माणसाची सारी प्रतिष्ठा पंधरा फेऱ्या उभे राहण्यावर उभारली होती, त्याला अखेरची लढत रिंगमध्ये लढूच दिली नाही, ही चाहत्यांची खरी तक्रार होती. 4 कोटी डॉलरहून अधिक खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत साधारण तेवढेच पैसे परत आणले. आपण हा भाग केवळ हव्यासापोटी केला, असे स्टॅलोनने पुढे उघडपणे कबूल केले.

शेवट बिघडला होता आणि तो दुरुस्त करण्याची इच्छा स्टॅलोनला स्वस्थ बसू देत नव्हती. स्टुडिओने मात्र अनेक वर्षे दाद दिली नाही. 2005 मध्ये त्या स्टुडिओची, म्हणजे एमजीएमची, मालकी बदलली, नवे व्यवस्थापन आले आणि तेव्हा कुठे परवानगी मिळाली. खर्च 2 कोटी 40 लाख डॉलर, म्हणजे मोठ्या मालिकेच्या मानाने बेताचाच. उतारवयातला मुष्टियोद्धा पुन्हा उभा राहतो, ही कल्पना तोवर तितकी अशक्यही राहिली नव्हती. जॉर्ज फोरमनने नोव्हेंबर 1994 मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवे करून जागतिक विजेतेपद परत मिळवले होते. कथेला चालना देणारी संगणकावरची काल्पनिक लढतही हवेतून आलेली नाही. जुना जगज्जेता मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो आणि अली यांच्यात कोण जिंकला असता, याचे उत्तर संगणकाकडून मागवून, दोघांकडून प्रत्यक्ष फेऱ्या खेळवून घेऊन तयार केलेला चित्रपट 1970 मध्ये दाखवण्यात आला होता. नव्या कथेत दूरचित्रवाणीवर अशीच एक लढत दाखवली जाते, तीत तरुण रॉकी विद्यमान विजेत्या मेसन डिक्सनला हरवतो, आणि तिथून प्रदर्शनीय सामन्याची गोष्ट सुरू होते.

प्रेक्षकांना हलवून सोडले ते मात्र चित्रपटाच्या पहिल्या तासाने, ज्यात जवळपास एकही ठोसा नाही. एड्रियन कर्करोगाने वारली आहे. रॉकी तिच्या नावाचे उपाहारगृह चालवतो आणि टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांना जुन्या लढतींचे तेच ते किस्से सांगतो. घरी त्याची पहिल्या चित्रपटातली तीच दोन कासवे आहेत. एड्रियनच्या थडग्यापाशी बसण्यासाठी लागणारी घडीची खुर्ची तो तिथल्याच झाडाच्या फांद्यांत ठेवून जातो; तो तिथे किती नेमाने येत असेल, हे त्या खुर्चीमुळे न सांगता कळते. 1976 मध्ये ज्यांनी पहिला चित्रपट तरुणपणी पाहिला होता, त्यांच्याही घरातली माणसे एव्हाना गेली होती. या गृहस्थाला आपण ओळखतो, अशी जी भावना तेव्हा प्रेक्षकांनी व्यक्त केली, ती अशा प्रसंगांनी जागवली होती.

शेवटची लढत लास वेगासच्या मँडले बे येथे चित्रित झाली. डिसेंबर 2005 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्स आणि जर्मेन टेलर यांच्या खऱ्या सामन्यासाठी जमलेल्या प्रेक्षकांसमोर रॉकीच्या प्रवेशाची दृश्ये टिपण्यात आली. समोर चाललेले चित्रीकरण आहे हे ठाऊक असूनही त्या गर्दीने रॉकीच्या नावाचा गजर केला. प्रतिस्पर्धी डिक्सन झाला होता अँटोनियो टार्व्हर, जो स्वतः लाइट हेवीवेट गटातला विजेता मुष्टियोद्धा होता, आणि लढतीचे चित्रण एचबीओ या दूरचित्रवाणी वाहिनीच्या थेट प्रक्षेपणाच्या धाटणीने केले गेले. डिक्सनचा हात दुसऱ्या फेरीतच दुखावतो, त्यामुळे पुढच्या फेऱ्या पटतात. दहा फेऱ्या पूर्ण होतात, रॉकी उभा असतो, आणि निकाल जाहीर होण्याआधीच तो रिंगमधून खाली उतरून लोकांत मिसळतो. पंचांचा विभागलेला कौल डिक्सनच्या बाजूने जातो, अगदी पहिल्या चित्रपटात क्रीडच्या बाजूने गेला होता तसाच. रॉकी जिंकतो असाही एक शेवट चित्रित झाला होता आणि तो नंतर डीव्हीडीवर पाहायला मिळाला. तो पाहिला की पराभवाचा शेवट निवडण्यात स्टॅलोनने किती योग्य जोखले होते, याची खात्री पटते.

आक्षेप नव्हते असे नाही. पाचव्या भागात मेंदूच्या दुखापतीमुळे ज्याला लढणेच वर्ज्य होते, त्याला परवाना मिळतोच कसा, हा प्रश्न कसून विचारला गेला. वैद्यकीय चाचण्या तो पार करतो, एवढ्यावरच चित्रपट हे प्रकरण मिटवतो. टालिया शायरची एड्रियन केवळ जुन्या दृश्यांतून दिसावी, याचे अनेकांना वाईट वाटले. मला स्वतःला हा निर्णय कथेच्या दृष्टीने अपरिहार्य वाटतो, कारण ती हयात असती तर रॉकीच्या आतली धुमस कुणापाशी मोकळी झाली असती आणि त्याला रिंगकडे वळावेच लागले नसते. जगभरात 15 कोटी डॉलरपेक्षा अधिक कमाई झाली, ती हे सारे आक्षेप जमेस धरून.

श्रेयनामावली सुरू होते तेव्हा संग्रहालयाच्या त्या पायऱ्या धावत चढणारी, वर पोहोचून हात उंचावणारी साधी माणसे एकामागून एक दिसतात. लहान मुले, बायका, वयस्क, सगळे. चाहत्यांचा प्रतिसाद चित्रपटानेच असा आपल्यात सामावून घेतला. फिलाडेल्फियाच्या लॉरेल हिल दफनभूमीत चित्रीकरणासाठी उभारलेली एड्रियनच्या नावाची शिळाही नंतर तिथेच राहिली आणि लोक ती पाहायला जाऊ लागले. तरुण दिग्दर्शक रायन कूगलरने अपोलोच्या मुलाची कथा घेऊन स्टॅलोनला गाठले, तेव्हा तो सुरुवातीला तयार नव्हता, कारण रॉकीची गोष्ट 2006 मध्ये पुरी झाली असेच त्याला वाटत होते. 2015 मध्ये 'क्रीड' आला, त्याने स्टॅलोनला पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळवून दिले, आणि 2018 च्या दुसऱ्या भागानंतर, 2023 च्या तिसऱ्या 'क्रीड'मध्ये रॉकी दिसलाच नाही. या नव्या मालिकेत रॉकी शिकवतो, आजाराशी झगडतो, कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्याला धीर देतो. पण हातमोजे चढवून तो स्वतः लढला, ती डिक्सनशी झालेली लढतच शेवटची ठरली.