नवा क्लब आणि नवा खेळाडू

गोल्फच्या धंद्यात बाजारात येणारा जवळपास प्रत्येक क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, 'क्रांतिकारी' असतो आणि तो काढणारा 'द्रष्टा'. नवं काही शोधणं आणि पुढचं दिसणं, दोन्ही एकाच मापात. कार्स्टन सोल्हाइम आणि ईली कॅलवे या क्लब बनवणाऱ्या दोन उद्योजकांना शेजारी उभं केलं, तर फरक कळतो.

सोल्हाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. चाळिशी उलटल्यावर गोल्फ खेळू लागले आणि पटिंगने, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलण्याने, जेरीस आले. हाताला दोष न देता त्यांनी हत्यार तपासलं. तेव्हाच्या पटरच्या, म्हणजे पटिंगच्या क्लबच्या, डोक्याचं वजन मध्याकडे एकवटलेलं; चेंडू जरा बाजूला लागला की डोकं वळायचं आणि चेंडू भरकटायचा. त्यांनी वजन दोन्ही टोकांना नेलं, वळणं कमी झालं. 1959 मध्ये गॅरेजात बनवलेला त्यांचा पहिला पटर चेंडूला लागला की 'पिंग' असा वाजे. कंपनीचं नाव तेच पडलं. पुढे हीच युक्ती आयर्नमध्ये, म्हणजे मधल्या अंतराच्या फटक्यांच्या क्लबमध्ये, आली: पाठ खोलगट, वजन कडेला. आजही नवशिक्याच्या हाती बहुधा असेच आयर्न देतात.

कॅलवेंनी असं काही शोधलं नाही. आधी कापड उद्योग, मग वाइन, आणि 1982 मध्ये गोल्फची एक छोटी कंपनी विकत घेतली. धातूचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, गॅरी ॲडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने 1979 मध्येच आणला होता. कॅलवेंच्या 1991 च्या 'बिग बर्था' या ड्रायव्हरच्या रचनेमागे रिचर्ड हेल्मस्टेटर होते. कॅलवेंनी ओळखलं ते एवढंच, की हौशी माणूस ड्रायव्हरला घाबरतो. म्हणून डोकं मोठं, सुमारे 190 घन सेंटिमीटरचं. आज नियमच 460 पर्यंत मुभा देतात, त्यामुळे ते चिमुकलं वाटेल. तेव्हा मात्र ते पाहूनच धीर यायचा.

मला कॅलवेंचं काम अधिक अवघड वाटतं. वळणारं डोकं मोजता येतं, भीती कशी मोजणार? अर्थात अंदाज फसतोही. 2000 मध्ये त्यांनी ईआरसी टू हा ड्रायव्हर अमेरिकेत हौशी खेळाडूंसाठी आणला. चेंडू जास्त उसळवतो म्हणून तिथल्या गोल्फ संघटनेच्या लेखी तो नियमबाह्य होता. नामवंत गोल्फपटू आर्नल्ड पामर यांनी जाहीर पाठिंबा देऊनही तो रुजला नाही. त्या ड्रायव्हरने खेळलेला डाव हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूचं कौशल्य दाखवणाऱ्या आकड्यासाठी, धरला जात नव्हता, आणि रविवारी गंमत म्हणून खेळणाऱ्यालाही आपला हँडिकॅप प्यारा असतो.